हातभर जागा

जेलरोड, नाशिकरोड
९ मार्च २००८

प्रिय मनाली,

पत्र बघून दचकली असशील. बाबांचं पत्र आलं म्हणजे कोण गेलं, असंच आधी तुझ्या मनात आलं असणार. कोणी गेलेलं नाही. तुझी आई माझ्यासमोर बसून लसूण सोलते आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे होती. दर रविवारी फोनवर बोलतो तरी हे पत्र का, ते शेवटी सांगतो. आधी कॅमेऱ्याचं सांगतो, कारण दोन वर्षं तू त्याच एका गोष्टीचा धोशा लावला आहेस. बसवला एकदाचा. पण मनाली, तो बसवल्यापासून मला धड झोप नाही. डोळा लागला की पुन्हा तेच दिसतं आणि मी उठून बसतो.

आपली घरगाडी तू फोटोतच पाहिलीस. अंबडच्या एका कारखान्यात तिचा लोखंडी सांगाडा करून घेतला. बाकी प्लाय, पत्रा, झोपायचे दोन बाक, शेगडीचा ओटा आणि कपाटाएवढी मोरी हे सगळं मी आणि एका सुतारानं भांडत भांडत उभं केलं. जीपच्या मागे जोडली की चालतं घर. कॉलनीतले लोक तिला 'हवालदाराचा डबा' म्हणतात. म्हणोत बापडे. तोफखान्यातला ड्रायव्हर म्हणून मी आयुष्यभर सरकारच्या तोफा ओढल्या, म्हातारपणी स्वतःचं घर ओढावं म्हटलं तर कोणाच्या बापाचं काय जातं? आणि हा सगळा उद्योग कोणासाठी होता, ते तुला ठाऊक आहे. तू झालीस तेव्हा मी मनालीच्या वरच्या रस्त्यावर होतो. तार पोचेपर्यंत तू बाळसं धरलं होतंस. म्हणून तुझं नाव मनाली. तुझी आई तेव्हा नामपूरला, सासूच्या हाताखाली. तिला वाटलं, ही उत्तरेकडची कोणी देवी असेल. सुट्टीवर आल्यावर मी सांगितलं की अगं, गाव आहे ते, तिथे बर्फ पडतो, तुला दाखवीन. हे 'दाखवीन' तुझ्याएवढंच मोठं झालं आहे.

आता मागे जोडलेला डबा रिव्हर्स घेणं म्हणजे हट्टी रेड्याला शेपटीकडून गोठ्यात घालणं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं. ते मला येतं, हात बसलेला आहे. पण आरशात दिसतात त्या फक्त डब्याच्या दोन बाजू. बरोब्बर मागे भिंत आहे की म्हैस, देव जाणे. म्हणून मागे माणूस लागतो. पलटणीत शिपाई असायचा, इथे तुझी आई. आपली पत्र्याची शेड अरुंद, मागे विटांची भिंत. तिचं सुरू व्हायचं, "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस्स!" त्या बस्सवर ब्रेक दाबला की भिंत आणि डबा यांच्यात हातभर जागा. कधी वीतभर नाही, कधी दोन हात नाही. हातभर म्हणजे हातभर. शेजारच्या यशोदाबाईंच्या नवऱ्याला मी पैज लावून दाखवलं आहे. मी चारचौघांत म्हणायचो, असा अंदाज आमच्या अख्ख्या तोफखान्यात कोणाचा नव्हता. ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि मी खुळा फुशारून जायचो.

डबा नवा होता तेव्हा ती बाजूला, माझ्या आरशात दिसेल अशी उभी राहायची. मीच शिकवलं होतं तसं. मग कधीतरी ती मागे जाऊन उभी राहू लागली. मी ओरडलो, आरशात ये म्हणून. तर म्हणाली, "तिथे ऊन तोंडावर येतं. मागूनच बरं पडतं मला." आवाज खणखणीत येत होता, गाडी जागच्या जागी लागत होती. मी म्हटलं, जाऊ दे.

तुझं बाळंतपण उरकून ती बंगळूरहून परत आली आणि तुझे फोन सुरू झाले. बाबा, मागे कॅमेरा बसवा. बाबा, आईला मागे उभी करू नका. मला वाटलं, सुयशरावांनी हे कॉम्प्युटरवालं खूळ तुझ्या डोक्यात घातलं असणार. इकडे तुझ्या आईचा एकच सूर, "मी मेले का, म्हणून यंत्र आणताय?" एवढा विरोध तिनं कधी माझ्या सिगारेटलाही केला नव्हता. मला आपलं बरं वाटायचं. म्हटलं, बाईला आपल्या कामाचा अभिमान आहे. पण यंदा एप्रिलात निघायचंच असं ठरलं, आणि घाटातल्या वळणावर बायकोला दरीच्या कडेला उभी करून गाडी मागे घ्यायची हे मलाही पटेना. तिला न सांगता मी बाजारात गेलो.

पहिला आणला तो बिनतारी. दुकानदार म्हणाला, तार नको, कटकट नको. बसवला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. डब्याचा पत्रा त्या लहरींना पलीकडे येऊच देईना. मध्येच मुंग्या हटल्या आणि कुठल्यातरी दुकानाचा गल्ला दिसू लागला. एक टकला माणूस निवांत कान कोरत बसलेला! शेजारपाजारच्या कोणाच्या कॅमेऱ्याचं चित्र आमच्या जीपमध्ये. मी हाका मारून तुझ्या आईला बोलावलं, म्हटलं बघ गंमत. ती खिडकीतून डोकावली, पडद्याकडे तोंड करून हसली आणि म्हणाली, "छान आहे की." टकल्याच्या कानात छान काय आहे, असं मला वाटलं, पण मी दुकानदाराला शिव्या देण्यात गुंतलो होतो.

मग तारेचा आणला. मुद्दाम अंधारात दिसणारा घेतला, कारण डबा अर्धा आत आला की आपल्या शेडमध्ये काळोख होतो. द्वारका चौकातल्या गॅरेजमधल्या मनोज इलेक्ट्रिशियननं तार डब्याच्या पोटाखालून घेतली आणि रिव्हर्सच्या दिव्याला जोडली, म्हणजे रिव्हर्स टाकला की पडदा आपोआप लागतो. तिथेच चाचणी घेतली, तर उजवीकडचं लिंबाचं झाड पडद्यावर डावीकडे! स्टिअरिंग आधीच उलटं, त्यात चित्रही उलटं, माझ्या डोक्याचं दही झालं. गॅरेजवाल्याचं पाण्याचं पिंप आडवं पडलं. मनोज म्हणे, "बाबा, तुम्ही आरसा धरून पडद्यात बघा ना." अरे, मी गाडी चालवू की दाढी करू? शेवटी त्या कॅमेऱ्याच्या शेपटीत तारेचा एक छोटासा वेढा सापडला. तो कापला की चित्र पलटतं. कापला, आणि लिंब उजवीकडे आला. मला तोफ नीट लागल्याचा आनंद झाला.

कॅमेरा मागच्या खिडकीखाली, माणसाच्या छातीच्या उंचीला बसवला आणि गाडी दारात आणून उभी केली. आता तुझ्या आईचा विरोध मावळला होता, किंवा तिनं गिळला होता. आपल्याकडे नवा मिक्सर आला तरी हळदकुंकू लागतं. ती ताट घेऊन आली, म्हणाली, आणलंच आहे तर पूजा करू. मी जीपमध्ये बसून सगळं व्यवस्थित आहे ना बघावं म्हणून रिव्हर्स टाकला आणि माझं काळीज थांबलं. अख्खा पडदा लालभडक! ती मागे होती, मनाली. ताट घेऊन ती मागेच होती. गाडी सरकली की काय, माझा पाय कुठे होता, मला काही आठवेना. कसा उतरलो, कसा धावलो देव जाणे. मागे जाऊन बघतो तर ही उभी, हातात ताट, तोंडाने कसलंसं पुटपुटतेय, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर कुंकवाचा हा एवढा थर. म्हणाली, "यंत्राचा डोळा कुठे असतो मला काय ठाऊक? मी आपलं मधोमध बोट टेकवलं." यशोदाबाई हसून हसून वाकल्या. म्हणाल्या, "चंद्रभागाताई, डोळ्यातच कुंकू घातलंत की हो!" मीही हसलो. शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं, आणि गाडी शेडमध्ये घ्यायला बसलो.

पुढचं लिहायचं मघापासून टाळतो आहे. ती नेहमीसारखी मागे गेली. म्हणाली, "यंत्र असू दे, मी सांगते." मी म्हटलं, सांग बाई. रिव्हर्स टाकला. मागे यायला लागलो. "येऊ द्या… येऊ द्या…" डबा शेडमध्ये शिरला, उजेड गेला, पडदा आपोआप राखाडी झाला आणि त्यात ती मला पहिल्यांदा दिसली. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. भिंत आणि डबा यांच्या मधोमध. उजवा हात समोर ताठ धरलेला, पंजा पसरलेला, मान जराशी वर, कान माझ्या इंजिनाकडे. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. मी येत होतो आणि तो पंजा मोठा होत होता. डबा तळव्याला लागला की ती "बस्स" म्हणणार होती. हातभर जागा! तो अंदाज नव्हता गं. तो तिचा हात होता.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. तिचा पंजा पडदाभर झाला होता, बोटं हवेत चाचपत होती. "येऊ द्या ना," ती ओरडली, "अजून लय जागा हाय!" मी हँडब्रेक ओढला, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि उतरून कडेकडेनं आत गेलो. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिच्या बोटांपासून एवढासा लांब. इंजिनाच्या आवाजात माझी पावलं तिला ऐकू आली नाहीत. माझ्या तोंडासमोर तोंड करून, माझ्या खांद्यावरून पलीकडे, त्या रिकाम्या जीपकडे ती ओरडत होती, "येऊ द्या… येऊ द्या…" मी गोळीबार पाहिलाय, दरीत गेलेल्या गाड्या पाहिल्यात, पण एवढा मी कधी हादरलो नव्हतो. तसाच मागे फिरलो, जीप जरा पुढे घेतली, इंजिन बंद केलं आणि मोठ्यानं सांगितलं की क्लच धरत नाही. ती भिंतीला हात लावत बाहेर आली आणि म्हणाली, "यंत्रात दिसलं का काही?" मी म्हटलं, "छे, नुसत्या मुंग्या." खोटं बोलताना पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोललो, आणि तिला ते कळलं नाही.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात धडाधड पडायला लागली. ती हल्ली पेपर मला मोठ्यानं वाचायला लावते. म्हणते, तुम्ही वाचलंत की रंग येतो. भाजीवाल्याला ती दारात बोलावते आणि प्रत्येक वांगं हातात घेऊन दाबते. मला वाटायचं, चिकटपणा. तिन्हीसांजेला दिवे लावायची तिची घाई गेली, मीच बटणं दाबत फिरतो. फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात ती छोटी बाटली असते, कानाचं औषध म्हणून. त्या दिवशी मी ती वाचली. डोळ्यांत घालायचे थेंब आहेत, आणि त्यावर बंगळूरच्या दुकानाची चिठ्ठी आहे.

तेव्हा मला तुझे फोन कळले. तू कॅमेऱ्याचा हट्ट का धरलास ते कळलं. तुझ्या आईनं तुझ्याकडून शपथ घेतली असणार. 'बाबांना सांगू नको, ते गाडी विकतील, मला खुर्चीत बसवून ठेवतील' असंच म्हणाली असणार. आणि तू शपथही मोडली नाहीस आणि आईलाही सोडलं नाहीस, हा कॅमेरा मध्ये घातलास. पहिले दोन दिवस मला तुझा भयंकर राग आला होता. मी तुझ्या आईला रोज चिरडण्याच्या बेतात होतो आणि तू मला कॅमेरा घ्या म्हणून सांगत होतीस! सरळ सांगता येत नव्हतं? मंगळवारी तुला राँग नंबर आले ना? ते मीच केले. मोबाईल घेऊन देवळाली कॅम्पपर्यंत गेलो होतो, तिच्या कानांपासून लांब. तू 'हॅलो' म्हणालीस की मी फोन कट करायचो. आता राग उरलेला नाही. तिनं माझ्याकडून शपथ घेतली असती तर मीही हेच केलं असतं, फक्त तुझ्याएवढं डोकं मला चाललं नसतं.

तिला मी काही बोललेलो नाही. दुसऱ्या दिवशी शेडच्या जमिनीत लोखंडी अँगल सिमेंटमध्ये आडवा पक्का करून घेतला. डब्याचं चाक त्याला अडलं की भिंतीपाशी दोन माणसं आरामात उभी राहतील. तिला सांगितलं, उतार आहे म्हणून. कॅमेरा बिघडलाय असंच सांगितलंय. त्यावर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली. आता ती मागे उभी राहून येऊ द्या म्हणते आणि मी पडद्यावर डोळे लावून सावकाश मागे येतो. तिच्या पंज्यापर्यंत येववत नाही. आधीच पाय ब्रेकवर जातो.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. फोन हॉलमध्ये आहे आणि तुझ्या आईला पलीकडच्या गल्लीतली सायकलची घंटी ऐकू येते. या घरात तिच्या नकळत तुझ्याशी बोलायची एकच जागा उरली आहे, हा कागद. तो मी तिच्या देखत लिहितो आहे, आणि देखत हा शब्द लिहिताना माझं मला कसं झालं हे तुला सांगता येत नाही. मघाशी म्हणाली, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. मी दिंडोरीकडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली, ऊन वाढलं, असं काहीबाही वाचलं. तर मनाली, मला खरं कळव. डॉक्टर काय म्हणाले? परत येणार नाही ना नजर? आहे ती किती दिवस आहे? एप्रिलात निघालो तर तिला बर्फ दिसेल का? एप्रिल लांब असेल तर मी उद्या निघतो. आग्रा रस्ता आपल्या दारातून जात नाही एवढंच, बाकी गाडी तयार आहे. मी तिला आधी जीप, मग डबा, मग कॅमेरा करत थांबवून ठेवलं आणि ती दर वर्षी म्हणत होती, लवकर निघू या. उत्तर पत्रानंच पाठव. पोस्टमन पत्र तिच्याच हातात देतो, ती आणून मला देईल. मी मोठ्यानं वाचेन, नातू बोलायला लागला, पाऊस झाला, वगैरे.

इथे मी पत्र संपवणार होतो. पण तुझी आई आत्ता म्हणाली, माझ्याकडून चार ओळी घाला. ती सांगते तसं लिहितो. 'चि. मनालीस आशीर्वाद. बाळाला उन्हात काढू नको. यांच्या कॅमेऱ्याचे पैसे पाण्यात गेले, पण मागे मी आहे, काळजी करू नको.' एवढं सांगून ती पुन्हा लसणाकडे वळली. लसणाची एक पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "अजून एक लिहा. म्हणावं, हल्ली गाडी माझ्या हाताला लागतच नाही. हे आधीच थांबतात." माझं पेन थांबलं. वर बघितलं तर ती माझ्याकडेच तोंड करून बसलेली. म्हणाली, "लिहिलंत?" मी म्हटलं, लिहिलं. "मग खाली लिहा, थंडीचे कपडे काढून ठेवलेत. आम्ही निघतोय."

तुझाच,
बाबा